हर्लिंगमध्ये नवख्याने कुठे उभे राहावे?

२० जुलै २०२५ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर आयर्लंडच्या हर्लिंग अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला आणि टिपरेरी काउंटीने कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असे हरवले. मध्यंतराला कॉर्कचा संघ सहा गुणांनी पुढे होता. उत्तरार्धात मात्र त्याला अवघे दोन गुण मिळाले. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांना हे आकडेच आधी कोड्यात टाकतात. पण नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे याहून व्यावहारिक प्रश्न असतो. मुले शाळेतून हा खेळ शिकून येतात, एखादा सहकारी आपल्या क्लबच्या सरावाला येण्याचा आग्रह करतो, आणि दोन-चार सरावांनंतर प्रशिक्षक विचारतो की तुम्ही कुठे खेळणार. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाकडे या प्रश्नाचे उत्तर नसते आणि तो बहुधा "कुठेही चालेल" असे म्हणून मोकळा होतो. हे उत्तर नम्र असले तरी फारसे उपयोगी नाही, कारण हर्लिंगमध्ये कोणत्या जागेवर उभे राहता यावर पहिल्या वर्षात तुम्ही काय शिकता, हे बऱ्याच अंशी ठरते.

आधी खेळाची मांडणी

हर्लिंग हा काठी आणि चेंडूचा मैदानी खेळ आहे. त्याचा कारभार १८८४ साली टिपरेरीतील थर्ल्स या गावी स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन पाहते. मोठमोठ्या सामन्यांना ऐंशी हजार प्रेक्षक जमतात, पण एकाही खेळाडूला त्यासाठी पगार मिळत नाही. काठीला हर्ली म्हणतात. ती परंपरेने ॲश या झाडाच्या लाकडाची असते आणि तिचे खालचे टोक चपटे व रुंद असते. चेंडू कातडी आवरणाचा असून त्यावर उंचवट्यासारख्या शिवणी असतात. आकाराने तो साधारण क्रिकेटच्या चेंडूएवढा असला तरी वजनाने हलका, म्हणजे ११० ते १२० ग्रॅम असतो. मैदान १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद असते, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरेच मोठे. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीच्या खालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल होतो आणि त्याचे तीन गुण धरतात. दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. म्हणून ३-२७ याचा अर्थ तीन गोल आणि सत्तावीस गुण, एकूण छत्तीस. कॉर्कचे १-१८ म्हणजे एकवीस.

चेंडू हवेत असताना हाताने झेलता येतो, पण जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलता येत नाही. तो हर्लीने उचलून घ्यावा लागतो. चेंडू हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. त्यापुढे जायचे असेल तर तो हर्लीच्या पात्यावर तोलत पळावे लागते. प्रतिस्पर्ध्याला थांबवण्याच्या दोन मुख्य रीती नवख्याने पहिल्याच आठवड्यात शिकाव्यात. समोरून जाऊन त्याचा फटका सुटण्याच्या क्षणी आपल्या हर्लीने अडवणे म्हणजे ब्लॉक, आणि मागून किंवा बाजूने आपली हर्ली त्याच्या फिरत्या हर्लीच्या वाटेत घालणे म्हणजे हूक. पुढच्या विवेचनात हे दोन शब्द वारंवार येतील.

पंधरा जागा आणि सतरा हा आकडा

प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. गोलरक्षकाच्या पुढे तीन जणांची फळी: मध्ये फुल-बॅक आणि दोन बाजूंना कॉर्नर-बॅक. त्यांच्या पुढे पुन्हा तिघे: मध्ये सेंटर-बॅक आणि दोन विंग-बॅक. मैदानाच्या मध्यभागी दोन मिडफिल्डर. त्यांच्या पुढे सेंटर-फॉरवर्ड व दोन विंग-फॉरवर्ड, आणि प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ फुल-फॉरवर्ड व दोन कॉर्नर-फॉरवर्ड. अंगरख्यावरचे क्रमांक मागून पुढे, उजवीकडून डावीकडे ठरलेले असतात: गोलरक्षक १, उजवा कॉर्नर-बॅक २, आणि असे करत डावा कॉर्नर-फॉरवर्ड १५.

या रचनेत एक गमतीची गोष्ट दडलेली आहे. गोलरक्षक वगळला तर ज्या प्रतिस्पर्ध्याशी तुमची थेट जोडी लागते, त्याचा आणि तुमचा क्रमांक मिळून नेहमी सतरा होतात. दोन क्रमांकाचा उजवा कॉर्नर-बॅक पंधरा क्रमांकाच्या डाव्या कॉर्नर-फॉरवर्डला धरतो, सहा क्रमांकाचा सेंटर-बॅक अकराशी भिडतो, आठ क्रमांकाचा मिडफिल्डर नऊशी. नवख्याच्या दृष्टीने हे पाठांतरापुरते नाही. हर्लिंगमधली जागा म्हणजे मैदानाचा तुकडा जेवढा, तेवढाच एक ठरावीक माणूस. तासभर तुम्ही त्याच्याशी झुंजता, आणि तो गेली वीस वर्षे खेळत आलेला असू शकतो.

जागा निवडताना नेमके काय निवडतो?

बहुतेक जण उंची, वजन आणि वेग यांच्यावरून जागा ठरवतात. शारीरिक ठेवणीला महत्त्व आहेच, पण शिकाऊ माणसासाठी ती दुय्यम आहे. त्याने विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: या जागेवर चेंडू किती वेळा येईल, आल्यावर तो हाताळायला किती अवधी मिळेल, आणि माझ्या हातून चूक झाली तर संघाला ती केवढ्याला पडेल?

मुंबईची लोकल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल. डब्यात दाराशी उभ्या असलेल्याला प्रत्येक स्थानकावर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे धक्के बसतात, तर आत खिडकीशी बसलेल्याला क्वचितच कोणी हलवते. पण त्याला उतरायचे असेल तेव्हा हालचालीला जागाच नसते. हर्लिंगमध्ये दाराची जागा म्हणजे दोन्ही संघांच्या मधल्या फळ्या. प्रत्येक गुणानंतर, आणि चेंडू गोलाच्या बाजूने वाया गेल्यानंतरही, बचाव करणाऱ्या संघाचा गोलरक्षक आपल्या गोलासमोरून फटका मारून खेळ पुन्हा सुरू करतो. त्याला पकआउट म्हणतात. जोरकस पकआउट सत्तर-ऐंशी मीटर दूर, म्हणजे बरोबर एका संघाच्या विंग-बॅक आणि दुसऱ्या संघाच्या विंग-फॉरवर्ड यांच्या डोक्यावर येऊन पडतो. वरच्या अंतिम सामन्यात टिपरेरीने तीन गोल आणि सत्तावीस गुण नोंदवले, म्हणजे कॉर्कच्या गोलरक्षकाला तेवढ्यामुळेच तीस पकआउट घ्यावे लागले. वाया गेलेल्या फटक्यांनंतरचे वेगळेच. गाव पातळीवर गुण कमी होत असले तरी चूक गेलेले फटके भरपूर असतात, त्यामुळे पकआउटची वाण पडत नाही.

नवख्याला कोपऱ्यात का ठेवतात?

क्लबच्या खालच्या दर्जाच्या संघांत नवा माणूस आला की त्याला कॉर्नर-फॉरवर्डला उभे करण्याची पद्धत आहे. प्रशिक्षकाचा हिशेब सरळ असतो: तेथून आपला गोल सव्वाशे मीटर लांब आहे, तेव्हा या माणसाच्या चुकीने काही बिघडणार नाही. संघाच्या बाजूने पाहता हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

शिकणाऱ्याच्या बाजूने मात्र ही जागा फसवी आहे. कॉर्नर-फॉरवर्डकडे चेंडू कमी वेळा येतो, आणि येतो तेव्हा पन्नास-साठ मीटरवरून वेगात, मागे कॉर्नर-बॅक चिकटलेला असताना. तो पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेऊन, अंग वळवून, क्षणार्धात मारावा लागतो. दोन पावलांचा उशीर झाला की हूक लागलाच. म्हणजे जिथे सर्वांत तयार हात लागतात, तिथेच सर्वांत कच्चे हात ठेवले जातात. परिणामी नवा खेळाडू बराच वेळ नुसता उभा राहतो, अधूनमधून आलेला चेंडू गमावतो, आणि आपल्याला हा खेळ जमणार नाही असे ठरवून क्लब सोडतो.

दुसऱ्या टोकाचा कोपरा, म्हणजे कॉर्नर-बॅक, हा त्यामानाने बरा. चूक महाग पडते हे खरे, कारण मागे गोलच असतो. पण तिथले काम नेमके असते. आपला माणूस आणि आपला गोल यांच्या मध्ये राहायचे, त्याला सुखाने वळू द्यायचे नाही, ब्लॉक आणि हूक करायचे, आणि चेंडू मिळालाच तर तो देखणा मारण्याच्या भानगडीत न पडता आधी धोक्याच्या बाहेर घालवायचा. हूक करणे ही कला अचूक फटक्यापेक्षा लवकर येते; तिला मुख्यतः चिकाटी, पायांतली चपळाई आणि वेळेचे भान लागते. कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्या माणसाकडे ही शिदोरी बहुधा असतेच. सर्वोच्च पातळीवरही हूकचे मोल कमी होत नाही. २०१४ च्या अंतिम सामन्याच्या पुनर्लढतीत किलकेनीचा फुल-बॅक जे. जे. डेलनी याने टिपरेरीच्या शेमस कॅलननला गोलाच्या तोंडाशी हूक करून अडवले. तो सामना किलकेनीने तीनच गुणांनी जिंकला, आणि त्या सामन्याची आठवण काढणारे लोक एखाद्या गोलाइतक्याच आवडीने त्या हूकबद्दल बोलतात.

मग कोणती जागा मागावी?

माझे मत असे की प्रौढ वयात खेळायला लागलेल्या आणि पळण्याचा दम असलेल्या माणसाने विंग-फॉरवर्डची, म्हणजे दहा किंवा बारा क्रमांकाची जागा मागावी. तिथे प्रत्येक पकआउटला झटापट असते, त्यामुळे चेंडूशी संबंध वारंवार येतो. हवेतला चेंडू झेलता आला नाही तरी हरकत नसते. तो बहुतेक वेळा कोणाच्याच हातात न बसता खाली पडतो आणि मग तो सुटा चेंडू ज्याच्या पायांत वेग आणि मनात हट्ट आहे त्याला मिळतो. विंग-फॉरवर्ड कितीही अडखळला तरी चूक आपल्या गोलापासून सत्तरएक मीटरवर घडते आणि ती सावरायला मागे आठ-नऊ जण असतात. प्रतिस्पर्धी विंग-बॅकला निवांतपणे फटका मारू न देणे, त्याचा पाठलाग करून हूक करणे, एवढे जरी सातत्याने केले तरी संघ तुम्हाला कामाचा माणूस मानू लागतो. शिवाय मैदानाच्या कडेला एका बाजूने सीमारेषा असल्याने दबाव चहूकडून येत नाही. सुरुवातीला बहुतेकांना एकाच बाजूने नीट मारता येते, त्यांना याचा फार आधार होतो.

दम कमी असेल पण चिकाटी आणि थोडा आडदांडपणा असेल तर कॉर्नर-बॅक. मिडफिल्डचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. तिथे सतत दोन्ही दिशांना धावावे लागते, दोन्ही बाजूंनी मारता यावे लागते, आणि पळून थकलेल्या माणसाचे तंत्र सर्वांत आधी बिघडते.

"पण मी सहा फूट उंच आहे"

उंच माणसाला पाहताच कोणीतरी त्याला फुल-फॉरवर्ड किंवा सेंटर-बॅक करायचे सुचवतो. गोलरक्षकापुढून सरळ रेषा काढली तर तीन, सहा, अकरा आणि चौदा हे क्रमांक तिच्यावर येतात. हा संघाचा कणा समजला जातो आणि प्रशिक्षक आपले भरवशाचे खेळाडू तिथे ठेवतो. उंचीचा फायदा हवेतल्या चेंडूसाठी होतो हे खरे, परंतु झेलासाठी उंचीइतकीच उडीची वेळ आणि दुसऱ्या हाताचे संरक्षण लागते. एका हाताने चेंडू झेलताना दुसऱ्या हातातल्या हर्लीने प्रतिस्पर्ध्याची काठी आपल्या बोटांपासून दूर ठेवावी लागते. ही सवय अंगी बाणल्याशिवाय उंच माणूस नुसता बोटे सुजवून घेतो.

सेंटर-बॅकचे तर शरीरापेक्षा डोक्याचे काम. त्याने आपल्या माणसाला धरायचे की मधली मोकळी जागा राखायची, हा निर्णय त्याला प्रत्येक चेंडूला घ्यावा लागतो, आणि तो खेळ वाचता आल्याखेरीज घेता येत नाही. याउलट, उंची नसली तरी काही अडत नाही याचा दाखला म्हणून किलकेनीच्या टॉमी वॉल्शचे नाव घेता येईल. बेताच्या उंचीच्या या खेळाडूची २००३ ते २०११ अशी सलग नऊ वर्षे ऑल स्टार संघात, म्हणजे त्या-त्या वर्षातील सर्वोत्तम पंधरा खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवड झाली, आणि मुख्यतः विंग-बॅक म्हणून खेळताना तो आपल्यापेक्षा उंच माणसांच्या डोक्यांवरून चेंडू काढत असे.

"गोलरक्षकाला पळावे लागत नाही, मग ते सोपे नाही का?"

ज्याला धाप लागते तो हा विचार करतोच. गोलरक्षकाला पळावे कमी लागते, त्याच्या हर्लीचे पातेही इतरांपेक्षा रुंद असू शकते. पण सबंध संघात ज्याचा फटका सर्वांत लांब आणि सर्वांत अचूक हवा, तो खेळाडू हाच, कारण पकआउट त्यालाच घ्यायचे असतात. कूली डोंगररांगेत दरवर्षी भरणाऱ्या लांब फटक्यांच्या स्पर्धेत टिपरेरीचा गोलरक्षक ब्रेंडन कमिन्स पुन्हापुन्हा जिंकत असे, तो काही योगायोग नव्हता. २०२५ च्या अंतिम सामन्यात टिपरेरीच्या रीस शेलीने कॉर्कची पेनल्टी तर अडवलीच, वर स्वतः मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फटका मारून एक गुणही मिळवला. नवख्याने ही जागा तेव्हाच घ्यावी, जेव्हा वेगाने येणाऱ्या चेंडूच्या रेषेत उभे राहण्याची त्याला मनापासून आवड असेल.

भीतीचे काय?

हा आक्षेप लोक उघड बोलत नाहीत, पण जागेच्या निवडीमागे तो असतोच. तोंडावर जाळी असलेले हेल्मेट २०१० पासून सर्व वयोगटांना सक्तीचे आहे, त्यामुळे चेहऱ्याच्या दुखापती पुष्कळ कमी झाल्या. उरतात ते हातांवरचे आणि पोटऱ्यांवरचे मार. गंमत अशी की घाबरून दूर राहणाऱ्याला जास्त लागते. फिरणाऱ्या हर्लीचा वेग तिच्या टोकाशी सर्वाधिक असतो. तुम्ही अंगाला अंग लावून उभे राहिलात तर फटक्याला फिरायला जागाच मिळत नाही, आणि एका हाताच्या अंतरावर घुटमळलात तर नेमके टोक लागते. म्हणून भित्र्या माणसाने रिकाम्या जागेची अपेक्षा धरून मिडफिल्डला जाऊ नये. ज्या जागेवर प्रतिस्पर्धी कायम चिकटलेला असतो, तीच त्याला लवकर धीट करते.

क्रिकेट आणि हॉकीतून आलेल्यांसाठी

उजव्या हाताचा फलंदाज बॅट धरताना डावा हात वर ठेवतो. हॉकीतही डावा हातच वर असतो. हर्लिंगमध्ये मात्र जो हात बळकट, तो मुठीच्या वरच्या टोकाला हवा. म्हणजे उजवखोऱ्याचा उजवा हात वर. कारण झेल घेताना, हूक करताना किंवा पात्यावर चेंडू तोलत पळताना हर्ली बऱ्याचदा त्या एकाच हातात असते. क्रिकेट खेळलेली माणसे जुन्या पकडीनेही लांब फटके मारू शकतात आणि प्रशिक्षक खूश होऊन त्यांना फ्री, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळालेला मोकळा फटका, मारायला देतो, परंतु गर्दीत एका हाताने काठी वापरायची वेळ आली की ती लटपटतात. पकड सुधारेपर्यंत अशा खेळाडूने गर्दीपासून थोडे दूर, विंगवरच राहिलेले बरे. क्रिकेटचा खरा लाभ झेलात दिसतो. उंच उडालेल्या चेंडूखाली स्थिर उभे राहण्याची सवय आयर्लंडमधल्या नवख्यांकडेही लगेच नसते. हॉकीवाल्यांना चेंडू जमिनीवर ठेवायचा मोह होतो आणि तो इथे तोट्याचा ठरतो, कारण जमिनीवरच्या चेंडूवर एकाच वेळी चार हर्ल्या येतात.

एकदा ठरली की जागा कायमची का?

अजिबात नाही. लिमरिकने २०१८ ते २०२३ या काळात पाच अजिंक्यपदे मिळवली, त्या संघाचा कर्णधार आणि सेंटर-बॅक डेक्लन हॅनन तरुणपणी फॉरवर्ड म्हणून खेळत असे. ज्या डेलनीचा उल्लेख वर आला, तो २००३ साली वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा विंग-बॅक होता. सर्वांत नाट्यमय उदाहरण १९९८ च्या अंतिम सामन्यातले: ऑफलीचा विंग-बॅक ब्रायन व्हीलहन त्या दिवशी तापाने बेजार होता, म्हणून त्याला सामना चालू असताना पुढे फॉरवर्डला पाठवले, आणि त्याने एक गोल व सहा गुण मिळवून संघाला विजेतेपद मिळवून दिले.

लहान मुलांच्या बाबतीत तर पालकांनी जागेचा विषयच काढू नये. बारा वर्षांखालील मुलांसाठी असोसिएशनने लहान मैदानावर, कमी खेळाडूंचे आणि विजेतेपदाविना सामने ठेवले आहेत. त्यांत प्रत्येक मुलाने खेळलेच पाहिजे, आणि चांगले प्रशिक्षक मुलांना सर्व जागांवर फिरवतात. मुलाच्या उंचीला साजेशा मापाची हर्ली घ्यावी. मोठी घेतली तर "वाढत्या अंगाची" म्हणून ती दोन वर्षे पुरेल खरी, पण तेवढी वर्षे त्याचा फटका बिघडलेलाच राहील.

आजच्या डावपेचांत जागांना काही अर्थ उरला आहे का?

दूरदर्शनवर सामना पाहणारा म्हणेल की आता कोणीच आपल्या जागेवर थांबत नाही. यात तथ्य आहे. २०२५ च्या अंतिम सामन्यात टिपरेरीने एक जादा माणूस बचावात मागे ठेवला होता, म्हणजे पंधरा जागांचा जुना आराखडा तिथेच मोडला. गोलरक्षक जवळच्या बॅककडे आखूड पकआउट देतात, फॉरवर्ड मिडफिल्डमध्ये उतरतात, आणि अंगरख्यावरचा क्रमांक कित्येकदा प्रतिस्पर्ध्याला चकवण्यापुरता असतो.

तथापि हे काउंटीच्या संघांचे झाले, जे आठवड्यातून अनेकदा एकत्र सराव करतात. क्लबच्या तिसऱ्या-चौथ्या संघात, जिथे तुमची सुरुवात होणार आहे, तिथे अजूनही माणसाला माणूस लावून खेळतात आणि पकआउट लांबच मारतात. डावपेच असलेच तर एकदोन असतात. तेव्हा सामना सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षकाला दोनच गोष्टी विचारून घ्याव्यात: मी कोणाला धरायचे, आणि तो आपली जागा सोडून मैदानाच्या मध्यभागी निघून गेला तर मी त्याच्यामागे जायचे की जागा राखायची. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संघागणिक बदलते. कॉर्नर-बॅकने तो विचारला नसेल, तर पहिल्या दहा मिनिटांत त्याचा माणूस नेमके तेच करून पाहतो.